सात नंबर

अ‍ॅव्हिस पिकर्सगिल खुब्याचं ऑपरेशन करून इस्पितळातून घरी आली, तेव्हा तिचं मागचं अंगण स्वच्छ झालेलं होतं. तिच्या मुलानं, कीथनं, भाड्यानं यंत्र आणून पाण्याच्या फवाऱ्यानं फरशी धुऊन काढली होती, फटींतलं शेवाळ खरवडलं होतं, कपड्यांची दोरीसुद्धा नवी बांधली होती. कोळशाच्या जुन्या कोठीला टेकून वर्षानुवर्षं जी दगडी डोणी होती, ती मात्र नव्हती. तिच्या जागी फरशीवर एक फिकट चौकोन उरला होता. "तिला अडखळून पडली असतीस एक दिवस," कीथ म्हणाला. "आता कसली कटकटच नको, आई." सून डेनीस दारात उभी राहून हसत होती. दोघांनी रजा काढून, घाम गाळून केलेलं काम होतं ते. अ‍ॅव्हिस कुबडीवर भार टाकून त्या चौकोनाकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून आलं, "छान केलंत हो." मग चहा झाला. चहा संपल्यावर तिनं डोणीतल्या मातीचं काय केलं ते विचारलं. माती, काड्या, सगळं कचरा डेपोत, कीथ म्हणाला, नाहीतरी सुकलंच होतं ते.

काड्या नव्हत्या त्या. कार्नेशनच्या कुळातलं, पण त्याहून बुटकं, राखाडी पात्यांचं ते झुडूप. त्याला सगळे पिंक म्हणतात, मग फूल कुठल्याही रंगाचं असो. हिचं फूल पांढरं होतं, पाकळ्यांच्या कडेला वांग्याच्या रंगाची बारीक रेघ, आणि वास लवंगेचा. हिवाळाभर ते मेल्यासारखं दिसतं आणि जूनमध्ये अंगणात उभं राहवत नाही इतकं घमघमतं. पण त्याचं आयुष्य थोडं. तीन-चार वर्षांत बुंधा लाकडासारखा होतो, मग जुलैत त्याचे शेंडे काढून वाळूत खोचायचे आणि नवं रोप धरायचं. बाप गेल्यापासून एकोणचाळीस वर्षं अ‍ॅव्हिसनं हे एकही फेरी न चुकवता केलं होतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात कोटांना बाह्या लावता लावता तिची पाठ गेली, नवरा गेला, गल्लीतले अर्धे शेजारी बदलले, पण डोणीतलं रोप कधी जुनं झालं नाही. आणि ते तिनं कुणाला दिलं नाही. शेजारच्या नोरा हेगनं कुंपणावरून वाकून एकदा मागितलं होतं, दोन शेंडे दे गं म्हणून, तेव्हा अ‍ॅव्हिसनं सरळ सांगितलं होतं की हे रुजत नाही. खोटं बोलली होती ती. बापानं बजावलं होतं, कुणाला देऊ नकोस, एकाचे चार होतील आणि वास आस्कल्बीपर्यंत जाईल. त्या फिकट चौकोनाकडे बघताना तिला कीथचा राग येत नव्हता. दोन शेंडे नोराला दिले असते, तर आज कुंपणापलीकडं हात घातला असता आणि झालं असतं. लीड्स शहरात आता ते फूल नव्हतं, कुठंच नव्हतं, ते उरलं होतं फक्त आस्कल्बी हॉल या सरदारी वाड्याच्या भिंतीआतल्या बागेत, आणि तिथून ते आणायचं म्हणजे चोरायचं.

सहलींच्या पत्रकात आस्कल्बी दर दोन वर्षांनी यायचं. सकाळी साडेआठला बस, दुपारी वाडा आणि बाग, चहा आणि स्कोन तिकिटात धरून, सहापर्यंत घरी. अकरा वर्षं ती आणि नोरा शेजारी बसून अशा सहली करत होत्या. किल्ले बघितले, सरदारांच्या कोठ्या बघितल्या, पलंगांवरचे जरीचे पडदे बघून मान डोलावली. पण आस्कल्बीची तारीख आली की अ‍ॅव्हिसला नेमकी सर्दी व्हायची. या वेळी तिनंच पहिल्यांदा नाव घातलं. नोराला नवल वाटलं, पण जुलैच्या उन्हात अ‍ॅव्हिस गडद निळी लोकरी टोपी घालून बसमध्ये चढली तेव्हा तिला जास्त नवल वाटलं. "अगं बये, डोक्यात शिजवायचंय काय काही?" नोरा म्हणाली. "कान दुखतोय," अ‍ॅव्हिस म्हणाली. टोपी का घातली हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. सकाळी खुंटीवरून हात ती काढत होता आणि ती हाताकडे बघत होती.

नोराच्या पर्समध्ये नेहमीची सामग्री होती: साबणाच्या डबीत ओला स्पंज, नखं कापायची कात्री आणि ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या. ज्या बागेत जाईल तिथून ती काहीतरी डहाळी उचलायचीच. तिच्या परसातलं निम्मं अधिक सरदार-दरकदारांकडून आलेलं होतं आणि कुठलं कुणाचं हे ती पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगायची. "चोरी कसली त्यात, छाटणी करते मी त्यांची, फुकटात," ती म्हणायची. बसमधल्या एकेचाळीस जणांत असं न करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि याबद्दल कुणीही कधी बोलत नव्हतं. अ‍ॅव्हिस मात्र त्या बोटांवरच्यांपैकी. पायवाटेवर पडलेलं बोंडसुद्धा तिनं कधी उचललं नाही. नोरा तिला बिशपबाई म्हणायची. तिला वाटायचं ही फार देवभीरू आहे.

देवाचा काही संबंध नव्हता. बस शहर सोडून मेंढ्यांच्या कुरणांतून चालली होती, पुढं ऑग्डनसाहेब, त्यांचे मार्गदर्शक, पिवळी छत्री मांडीवर आडवी ठेवून माईकमध्ये काहीतरी विनोदी सांगत होते, आणि अ‍ॅव्हिसला तो मार्च दिसत होता, सन एक्कावन्नचा. ती नऊ वर्षांची. म्हातारे लॉर्ड वारले, वारसाकर भरायला जमिनी विकल्या, चौदा माळ्यांतले अकरा घरी बसवले. तिचा बाप वॉल्टर मॅपलबेक अकरातला एक. एकोणीस वर्षं त्यानं तिथं काम केलं होतं आणि शेवटची सहा वर्षं सुट्टीच्या रविवारी, काचघराच्या मागं, लोकांनी टाकून दिलेल्या कुंड्यांत पिंकची बियाणं लावत होता. ह्याचे परागकण त्याला, त्याचे ह्याला, उंटाच्या केसांच्या कुंचल्यानं. शंभरावर रोपं झाली, नव्वद फेकली, उरलेल्यांत सातव्या कुंडीतल्या रोपाला ते फूल आलं. बापानं त्याला दुसरं नाव दिलंच नाही, शेवटपर्यंत सात नंबर म्हणत राहिला. मग एक दिवस धाकट्या लेडीसाहेब काचघराकडे आल्या, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या की हे फारच गोड आहे, हे माझ्या खिडकीखाली लावा. पुढच्या वर्षी प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. चिठ्ठीवर फुलाचं नाव होतं, त्यांचंच, लेडी सिल्व्हिया.

जाणाऱ्या नोकरांच्या पेट्या फाटकाशी उघडायच्या, अशी तिथली रीत होती. कारभारी प्रिंगल स्वतः उभे राहायचे. गादी उलटी, किटली उलटी, आईची शिवणाची टोपली उलटी. त्या दिवशी सकाळी बापानं अ‍ॅव्हिसला कुंडीघरात बोलावलं. पाच शेंडे ओल्या शेवाळात गुंडाळले आणि तिच्या टोपीखाली, टाळूवर बसवले. "मान ताठ ठेव आणि बोलू नको," इतकंच म्हणाला. शेवाळ बर्फासारखं गार होतं. फाटकाशी प्रिंगलनी सगळं तपासलं, मग तिच्यासमोर आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. टोपीवरून दोनदा थोपटलं. "शहाणी मुलगी," म्हणाले. तेवढ्या दाबानं शेवाळातलं पाणी सुटलं आणि कानामागून मानेवर, मानेवरून पाठीत उतरू लागलं. पुसायची सोय नव्हती. ती प्रिंगलच्या कोटाच्या मधल्या गुंडीकडे बघत राहिली. पाणी कमरेपर्यंत गेलं. बाप बाजूला टोपी हातात घेऊन, खाली बघत उभा होता.

आणि हे तिनं बापाला आयुष्यभर माफ केलं नव्हतं. चोरी नव्हे, चोरी कसली, त्याचंच होतं ते. पण स्वतःच्या टोपीत का नाही ठेवलं? नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर का? हे ती कधी त्याला विचारू शकली नाही. लीड्सला आल्यावर तो गटारांच्या कामाला लागला. अंगणात डोणी आणून ठेवली, जूनमध्ये संध्याकाळी डोणीशेजारी पालथ्या बादलीवर बसायचा आणि कुणाची चाहूल लागली की उठून आत जायचा. स्वतःच्या फुलाशेजारी चोरासारखा बसलेला बाप तिनं तेवीस वर्षं बघितला. तेव्हापासून तिनं ठरवलं असावं की आपण कुणाच्या काडीला हात लावायचा नाही. म्हणजे कुणी उद्या म्हणालंच, तर म्हणता येईल की बघा, मॅपलबेकची पोर कशी आहे. कोण म्हणणार होतं, हा प्रश्न तिला आज, एकाहत्तराव्या वर्षी, मेंढ्यांकडे बघताना पडला. सगळे मेले होते. एवढी वर्षं ती एका मेलेल्या कारभाऱ्यापुढं मान ताठ करून उभी होती.

वाड्यात शिरताना बाप ज्या दारानं कधी आत गेला नाही त्या दारातून ऑग्डनसाहेबांची छत्री पुढं झाली आणि सगळे मागोमाग गेले. जिना, झुंबर, कुत्र्यांची तैलचित्रं. तिसऱ्या दालनात अ‍ॅव्हिसचा नवा खुबा ठणकायला लागला. खिडकीपाशी पिवळ्या रेशमाची खुर्ची होती, आणि तिच्या बैठकीवर वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं होतं. 'बसू नका' असं लिहिणं ह्या घरांना असभ्य वाटतं. ते काटा ठेवतात. अकरा वर्षांत असले शेकडो काटे बघून ती शहाण्यासारखी उभी राहिली होती. आजही राहिली, पण आज तिला त्याचा राग आला. तो खुब्यातून वर छातीत आला आणि तिथं बसला. खिडकीतून खाली भिंतीआतली बाग दिसत होती. "आणि हीच ती खिडकी," ऑग्डनसाहेब सांगत होते, "जिच्याखाली लेडी सिल्व्हियांनी स्वतः तयार केलेलं फूल आजही आहे. स्वतः, बरं का. हातांना माती लागू देणाऱ्या सरदारणी किती असतील? जगात हे फूल दुसरीकडे कुठंच नाही. दुकानात त्याचे टॉवेल मिळतात." दोघी-तिघींनी कौतुकाचा सुस्कारा टाकला. "फूल मिळतं का विकत?" नोरानं विचारलं. "फूल नाही," ते म्हणाले, "टॉवेल, कपबशा आणि साबण."

मागता आलं असतं. तिनं वसंतात तसं पत्र लिहायला घेतलंही होतं, महोदय, माझे वडील आपल्याकडे. दोन ओळींवर थांबली. मागायचं म्हणजे ते त्यांचं आहे हे मान्य करायचं, आणि त्यांनी दिलं तर आभार मानायचे. त्यापेक्षा चोरी बरी.

बागेत गट पांगला. अ‍ॅव्हिस भिंतीच्या कडेनं, काठी टेकत, न विचारता वळत गेली. पायांना वाट ठाऊक होती. वास आधी आला. मग फुलं दिसली, पायवाटेच्या दोन्ही अंगांनी, पन्नास पावलं, पांढरी आणि वांगी रेघेची, पुढं पितळी पाटी. तिच्या डोणीत कधी एका वेळी वीसपेक्षा जास्त फुलली नव्हती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. रोपं नीट ठेवलेली नव्हती. बुंधे लाकूड झाले होते, मध्ये टकलं पडली होती. आणखी दोन हिवाळ्यांत गेली असती. "कोण बघतं रे तुमच्याकडे?" ती पुटपुटली आणि काठी भिंतीला लावून वाकली. कात्री लागत नाही त्याला. डाव्या हातानं पेराखाली धरायचं, उजव्यानं शेंडा अलगद ओढायचा, तो पेरातून सुटून येतो, हलकासा टक् आवाज करत. टक्. बोटं विसरली नव्हती. फूल न आलेले पाच शेंडे तिनं काढले, पाण्याच्या टाकीच्या काठावरचं शेवाळ खरवडून ते गुंडाळले, टोपी उचलली आणि टाळूवर ठेवून टोपी खाली ओढली. गारवा डोक्यात शिरला. क्षणभर तिला पुढं कोटाची गुंडी दिसली. मग ती चहाला गेली, स्कोनवर जॅम लावला आणि नोराच्या बडबडीला हो हो करत राहिली.

साडेचारला बस निघायची. छत्रीच्या टोकानं डोकी मोजून ऑग्डनसाहेब एकेचाळीसवर आले तेवढ्यात हिरव्या जाकिटातली एक बाई धापा टाकत पायरीवर चढली. बागेची प्रमुख होती ती, रोवेना नाव छातीवर लावलेलं, चाळिशीची, उन्हानं नाक सोललेलं. तिला स्वतःलाच फार अवघड झालं होतं. "माफ करा हं," ती म्हणाली, "कुणावर आरोप नाही. पण काचघरातून कुणीतरी भिंतीपाशी वाकलेलं दिसलं, आणि लेडी सिल्व्हियाचे शेंडे काढलेत. बाकी काही असतं तर मी आलेच नसते. ते एकच आहे हो आमच्याकडे." ऑग्डनसाहेब लाल झाले. "माझ्या गटात असं होणं शक्य नाही," ते म्हणाले. "आपण असं करू, सगळ्यांनी आपापल्या पर्स उघडून दाखवूया. दोन मिनिटांचं काम. म्हणजे संशयच मिटला."

बसमधल्या हातांच्या एकेचाळीस जोड्या आपापल्या पर्सवर घट्ट बसल्या. पलीकडच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर खिडकीबाहेर बघू लागले; त्यांच्या कोटाच्या खिशातून कसली तरी ओल बाहेर झिरपली होती. "माझ्या पिशवीत माझी औषधं आहेत," मागून एक बाई म्हणाली. "खाजगी औषधं." नोराचा चेहरा पांढरा पडला होता. "मेले गं मी," ती ओठ न हलवता म्हणाली, "तीन जिरॅनियम, एक फुशिया आणि आणखी एक, त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही मला." अ‍ॅव्हिसच्या मांडीवर तिची पर्स होती. तीत रुमाल, चष्मा आणि पेपरमिंट. ती उघडून दाखवायची, रोवेना मान हलवणार, धन्यवाद म्हणणार आणि पुढं नोराकडे वळणार. टोपीखाली कोणी बघत नाही. तेव्हाही बघितलं नव्हतं. ती घरी जाईल, वाळूत शेंडे खोचेल, आणि जूनमध्ये पालथ्या बादलीवर बसेल आणि चाहूल लागली की उठून आत जाईल.

ऑग्डनसाहेबांनी उन्हाळी हॅट काढून घाम पुसला. बाईसमोर हॅट काढायची जुन्या माणसांची सवय, ती हातात धरून ते उभे राहिले. अ‍ॅव्हिसनं ते बघितलं. बघितलं आणि तिला बाप दिसला, फाटकाशी, टोपी हातात. प्रिंगलसमोर टोपी काढावीच लागायची. चौदाच्या चौदा माळ्यांना, दिवसातून जितक्या वेळा ते दिसतील तितक्या वेळा. बाईमाणसाची टोपी तेवढी डोक्यावर राहायची, आणि आईनं तर त्या दिवशी डोक्याला रुमाल बांधला होता. लपवायला त्याच्याकडे तिच्या टोपीवाचून दुसरी टोपी नव्हती. इतकं साधं होतं. बासष्ट वर्षं ती ज्यावर रुसून बसली होती, ते इतकं साधं होतं, आणि तिला त्याची माफी मागावीशी वाटली, आणि मागायला तो नव्हता.

ती काठी टेकून उठली. "पर्स राहू देत," ती म्हणाली. "तुम्ही शोधताय ते माझ्याकडे आहे." नोरानं तिची बाही ओढली. तिनं हात सोडवला आणि टोपी काढली. पांढऱ्या विरळ केसांवर शेवाळाचा गोळा आणि त्यातून वर आलेले पाच राखाडी शेंडे. कोणी हसलं नाही. रोवेना जागेवरच थांबली. "आजी," ती म्हणाली, "हे चोरणं झालं हो."

"असेल. कागद आहे का तुमच्याकडे? लिहून घ्या. अ‍ॅव्हिस पिकर्सगिल, माहेरची मॅपलबेक. माझ्या बापाचं नाव वॉल्टर. एकोणीस वर्षं तुमच्या काचघरात राबला. तुमच्या कोणा लेडीनं हातांना माती लावलेली मी बघितली नाही, मी तिथंच लहानाची मोठी झालेय. आणि ह्या फुलाचं नाव सात नंबर. तेही लिहा."

"मला हे खरं की खोटं कसं कळणार?"

"नाही कळणार. पण शेंडा कसा ओढायचा ते मला कळतं. तुमचे बुंधे लाकूड झालेत, बाई. ह्याच महिन्यात शेंडे वाळूत लावा, नाहीतर तुमच्याकडे फक्त टॉवेल राहतील."

रोवेनाचा सोललेला चेहरा आणखी लाल झाला. तिनं हात पुढं केला, तळवा वर. "ते मला परत द्या, प्लीज. मग मी कुठं बोलणार नाही."

"नाही देणार," अ‍ॅव्हिस म्हणाली. "बोला खुशाल."

चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं कोणी तरी मागं म्हणालं असावं, किंवा तिलाच तसं ऐकू आलं. आलं तर आलं. रोवेना थोडा वेळ तशीच हात पुढं करून उभी राहिली. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या डोक्यावरून काही ओढून घेणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं, हे दोघींना दिसत होतं. मग हात खाली गेला. "मला वर कळवावं लागेल," ती म्हणाली. अ‍ॅव्हिसनं मान हलवली. उतरता उतरता रोवेना पायरीवर थांबली. "वाळूत," ती म्हणाली, "किती खोल?"

"दोन पेरं. वरून काचेची बरणी."

दार मिटलं. ऑग्डनसाहेबांनी हॅट घातली, पुन्हा डोकी मोजायला सुरुवात केली, सतरावर चुकले आणि खाली बसले. बस फाटकाशी आली. फाटकातल्या घरात आता तिकिटं विकत. अ‍ॅव्हिसनं टोपी परत घातली नाही. ती मांडीवर उलटी ठेवून तिच्यात तिनं शेवाळ आणि शेंडे मांडले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. मग त्यातले दोन उचलून नोराच्या हातात दिले.

"हे तर रुजत नाही ना?" नोरा म्हणाली.

"रुजतं," अ‍ॅव्हिस म्हणाली. "तेव्हा खोटं बोलले मी. आणि कोणी मागितलं तर देत जा."

नोरानं साबणाची डबी उघडली, नाव ठाऊक नसलेली डहाळी बाजूला सारली आणि दोन्ही शेंडे तीत ठेवले. मग तिनं अ‍ॅव्हिसकडे बघितलं. "कानामागून पाणी ओघळतंय तुझ्या. हा घे रुमाल, पूस."

पाणी मानेवर आलं होतं, कॉलरच्या आत शिरून पाठीवर उतरत होतं, तितकंच गार. अ‍ॅव्हिसचे दोन्ही हात मोकळे होते.

"असू दे," ती म्हणाली.